सरकारी कुरडू

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब बहादूर,
तहसील कचेरी, गेवराई,
जिल्हा बीड, सुभा औरंगाबाद.

अर्जदार : आश्रुबा वल्द मुंजाजी माळी, वय अंदाजे पंचेचाळीस, काम सरकारी बंगल्याची बागवानी, राहणार मौजे उमापूर.

विषय : उमापूर बंगल्याच्या चार वाफ्यांत उभी असलेली फुले सरकारी नसून कुरडू आहे, सबब अर्जदाराची बायको सारजाबाई हिला चावडीतून सोडणेबाबत.

संदर्भ : (१) वाफ्यांत तणाची काडी राहू नये, हा हुजुरांचा तोंडी हुकूम, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा.
(२) दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजारी उमापुरात पिटलेली दवंडी.

मेहेरबान हुजूर,

१. अर्जदारास अक्षर येत नाही. सबब हा अर्ज कचेरीपुढच्या लिंबाखाली बसणारा राधाकिशन अर्जनवीस याने लिहिला. अर्जदार आज उमापुराहून चालत आला, डोक्यावर ओझे घेऊन आणि त्यावर बांबूचे डालगे पालथे घालून. डालग्याखाली काय आहे ते पुढे कलम नऊमध्ये येईल. माणूस इतका भेदरलेला होता की पाण्याचा तांब्या तोंडाला लावता लावता निम्मा छातीवर सांडला. अंगठ्याचा ठसा तीनदा उठवावा लागला, पहिले दोन ठसे हुजुरांनी मुलाहिजात घेऊ नयेत. अर्जनवीसाने बावीस वर्षांत नाना तऱ्हेचे अर्ज लिहिले. हद्दीचे लिहिले, बैलचोरीचे लिहिले, एकदा तर सासूच्या जाचाचाही लिहिला. पण गवताच्या पायी माणूस असा कापताना पाहिला नव्हता.

२. अर्जदार बंगल्याच्या बागेवर अकरा वर्षे चाकरीस आहे. बंगल्यामागे विहीर, विहिरीजवळ झोपडी, आणि पुढे चार वाफे, एवढीच त्याची दुनिया. मूलबाळ नाही. तणाच्या बाबतीत त्याचा हात कडक आहे. लव्हाळा दिसला की तो खालची गाठ लागेपर्यंत खणतो, कारण वरून उपटलेला लव्हाळा दोन दिवसांत पुन्हा मान वर काढतो. हरळीचे एक कांडे मातीत राहिले तरी ती अख्खा वाफा खाते. तण खाई धन, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. अकरा वर्षांत तणावरून त्याच्यावर एकही ठपका नाही. हे त्याने दोनदा सांगितले, म्हणून दोनदा लिहितो. एकही ठपका नाही.

३. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हुजुरांचा मुक्काम उमापुरास झाला. हैदराबादेहून आणविलेल्या परदेशी फुलांच्या बियांच्या चार पुड्या हुजुरांनी स्वहस्ते अर्जदाराच्या ओंजळीत ठेवल्या आणि फर्मावले की माघात सुभेदार साहेबांची स्वारी येईल, तेव्हा वाफे फुललेले दिसावेत. वाफ्यात तणाची काडी आढळली तर चाकरी जाईल आणि झोपडीही जाईल. पुड्यांवर इंग्रजी अक्षर होते, चित्र नव्हते. फूल तांबडे की पिवळे, पान रुंद की बारीक, हे विचारायला अर्जदाराची जीभ उचलली नाही. पहिली कसूर येथे झाली. हुजूर म्हणतील, मग विचारले का नाही? हुजूर, साहेबाला विचारणे इतके सोपे असते तर आमचा अर्ज लिहिण्याचा धंदा कधीच बसला असता.

४. बी उगवले. रोपे बोटभर झाली. तोच चकलांब्याहून सांगावा आला की अर्जदाराची बहीण कौशल्याबाई तापाने अंथरुणास खिळली आहे. अर्जदार चार दिवसांसाठी गेला. जाताना सारजाबाईस बजावले की वाफ्यात तणाची काडी ठिवू नको, न्हाईतर आपुन उघड्यावर येऊ. कोणते तण आणि कोणते फूल हे सांगितले नाही. कसे सांगणार, ते त्यालाच ठाऊक नव्हते.

आता सारजाबाई कोण, हे हुजुरांस कळणे जरूर आहे. उमापूर शिवारात निंदणीच्या बायांची ती म्होरकी. खुरपे घेऊन पात, म्हणजे निंदायचा पट्टा, धरली की तिच्या मागे रानात नको ते काही उरत नाही. बांधावरच्या चिमूटभर गवताचेही ती नाव सांगते. सासूने तिला एकच कायदा शिकवला होता, तो तिच्याच शब्दांत देतो : "ज्याचं नाव ठावं हाय, त्याला ठिवायचं का काढायचं ते आपुन बघावं. ज्याचं नाव ठावं न्हाई, ते तण." त्या कायद्याने तिने चारही वाफे निंदले. परदेशी रोपांचे नाव तिला ठाऊक नव्हते. ती मुळासकट निघाली आणि कुंपणाशी ढिगात जाऊन पडली. घोळ आणि तांदुळजा ओळखीचे, ते मात्र तिने नीट राखले, कारण निंदणीत निघेल ती भाजी निंदणारीची, ही आमच्याकडची जुनी वहिवाट आहे. अर्जदार परतला तेव्हा ती हसत पुढे आली आणि म्हणाली, "बघा, काडी ठिवली न्हाई."

५. अर्जदाराने वाफे पाहिले. तो विहिरीच्या काठावर मटकन बसला. मग तोंडाला येईल ते बोलला. तुझ्या हाताला आग लागो, असेही बोलला, आणि हे सांगताना तो लिंबाखाली बसून ढसाढसा रडला. सारजाबाई एवढेच म्हणाली, "नाव सांगितलं असतं तर देवाच्या फुलावानी जपलं असतं. कावून न्हाई सांगितलं?" मग तिने कुंपणाचा ढीग उकरला. सारी रोपे सुकून दोरा झाली होती. तळाशी एकाच्या मुळाला ओली माती चिकटून होती. ते तिने फुटक्या घागरीच्या बुडात लावले. अर्जदार म्हणाला, जगायचं न्हाई ते. ती म्हणाली, न्हाई तर न्हाई.

६. येथून पुढे गुन्हा आहे. 'नजरचूक' असे सौम्य लिहावे, असे अर्जनवीसाने सुचविले. अर्जदार म्हणाला, गुन्हाच लिवा, लई दिवस गिळला म्या. तर हुजूर, कचेरीतले पेशकार साहेब आठ दिवसांनी वाफे पाहण्यास येणार होते आणि वाफ्यांत होती घोळीची भाजी. अर्जदाराला अन्न गोड लागेना. शेवटी त्याने सुंदरराव पाटलांच्या बांधावरून आणि ओढ्याच्या कडेने कुरडूची झाडे मातीच्या ढेकळासकट खणून आणली आणि चारही वाफ्यांत दोरी धरून ओळीने लावली. कुरडू म्हणजे काय, हे हुजुरांस ठाऊक असण्याचे कारण नाही. ते शेतातले तण आहे. कोवळे असताना बाया भाजी करतात, मोठे झाले की गुलाबी-पांढरे तुरे येतात, आणि त्या तुऱ्यातले काळे बी सांडले की पुढच्या साली शेतकरी कपाळाला हात लावतो.

सारजाबाईने आडवे येऊन पाहिले. "तण हाय ते. आज तुमी त्याला वाफ्यात बसवलं, उद्या ते डोक्यावर बसंल." असे तिचे शब्द होते. अर्जदार म्हणाला, पेशकार साहेब बघून गेले की उपटून टाकीन आन बी उगवलंच न्हाई म्हनून सांगीन. पण शेणखत, विहिरीचे पाणी आणि अकरा वर्षांचा कसलेला हात मिळाल्यावर कुरडू छातीएवढे झाले आणि एकजात फुलले. हुजूर, निगा राखली की तणालाही रूप येते. यात पाहणाऱ्याच्या नजरेचा काहीएक दोष नाही.

७. पेशकार साहेब आले आणि खूष झाले. दिवाळीच्या सुमारास खुद्द हुजूर आले, वाफ्यापुढे घटकाभर उभे राहिले, माळ्याची तारीफ केली आणि एक तुरा शेरवानीला लावून गावातून बाजारापर्यंत गेले. ही गोष्ट अर्जात घालू नये, असे अर्जनवीसाने हात जोडून विनविले. अर्जदार म्हणाला, गावानं बघितलंय, आता झाकून काय व्हतंय. गावाने पाहिले खरेच. रांगते पोर वगळता उमापुरात कुरडू न ओळखणारा इसम नाही. पण कोणी चकार शब्द काढला नाही. जो कुरडू म्हणेल, तो हुजुरांनी कुरडू मिरवले असे म्हणेल. ते म्हणायचे कोणी? अर्जदाराच्या पाठीवर थाप मारून गेलेले हुजूर त्याला रोज आठवतात आणि रोज ती थाप त्याला जड होते.

८. मग पेशकार साहेबांना तेच फूल पाटलांच्या ज्वारीत दिसले. सरकारी बी चोरीस गेले, असा त्यांचा समज झाला. बाजाराच्या दिवशी दवंडी पिटली : सरकारी फूलझाड कोणाच्याही रानात उभे दिसले तरी ते सरकारचे, उपटील तो चोर. हुजूर, ज्याच्या रानात कुरडू नाही असा शेतकरी या शिवारात नाही. दवंडीची थाप पडली त्या घटकेला अख्खे गाव चोरही ठरले आणि राखणदारही. बायांनी खुरपी आढ्याला खोचली. निंदायला बोलावले की म्हणत, आमी न्हाई बया, त्यात सरकार उगवलंय. कुरडूने ज्वारी गिळायला सुरुवात केली. सुंदरराव पाटील बांधावर उभे राहून अर्जदारास म्हणाले, "आश्रुबा, तुझ्या फुलानं माझी जवारी खाल्ली बे." ते रागाने म्हणाले असते तर बरे झाले असते. ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

अर्जदाराची दशा काय सांगावी! बंगल्यावरच्या चपराशाची काठी फरशीवर वाजली की तो खाली मान घालून वाफे निंदत राहतो. पाखरांनी टाकलेल्या दाण्यातून वाफ्यात एखादे ज्वारीचे रोप येते, ते तो उपटतो आणि कुरडूला माती लावतो. धान्य उपटून तण राखायचे, असे त्याच्या सात पिढ्यांत कोणी केले नव्हते. तो म्हणतो, त्या रोपाला हात घातला तर पाप लागते, आणि घातला नाही तर चपराशी बघतो.

९. परवा, सोमवारी, सारजाबाई एकटी खुरपे घेऊन पाटलांच्या रानात उतरली. अर्जदाराने दारात अडवले, पदर धरला, दवंडीची आठवण दिली. ती म्हणाली, "माज्या हातानं सुरू झालंय हे. माज्या पायी दुसऱ्याची जवारी मरू देऊ काय?" दुपारपर्यंत तिने तीन पाती साफ केल्या. वहिवाटीप्रमाणे कोवळे शेंडे भाजीसाठी पदरात घेतले, आणि तोच पदर धरून चपराशाने तिला चावडीत नेऊन बसविले. मुद्देमाल अकरा झाडे आणि पदरातले शेंडे.

मंगळवारी, म्हणजे काल, पेशकार साहेबांनी जबाब घेतला. चावडीच्या दारात गाव लोटला होता, त्या गर्दीत अर्जदारही होता. पेशकार साहेबांनी एक झाड तिच्यापुढे धरले आणि विचारले, हे काय आहे? हुजूर, तिने एक शब्द उच्चारला असता तर ती तिथल्या तिथे सुटली असती. साऱ्या गावाने साक्ष दिली असती, कारण एकाने तोंड उघडले की दुसऱ्याला धीर येतो. पण तो शब्द निघता तर वाफ्यांतले कुरडू उघडे पडले असते, आणि अर्जदारही. पुढचे वाक्य लिहू नये असे अर्जनवीसाने बजावले होते, तरी अर्जदाराच्या हट्टावरून लिहितो : त्या घटकेला त्याच्या मनात आले की हिने बोलू नये.

सारजाबाईने झाडाकडे पाहिले. मग एकदाच दाराकडे पाहिले, तिला तो दिसला. आणि पेशकार साहेबांस म्हणाली, "नाव ठावं न्हाई."

ज्या बाईला शिवारातल्या काडीकाडीचे नाव ठाऊक, तिने भर चावडीत, आपल्या हाताखाली निंदणाऱ्या सगळ्या बायांपुढे, कुरडूचे नाव ठाऊक नाही म्हटले. बायांनी माना खाली घातल्या. पेशकार साहेबांनी लिहून घेतले की आरोपी अज्ञानाचे सोंग करते, आणि उद्या, गुरुवारी, तिला पोलीस अमीन साहेबांच्या हवाली करून गेवराईस पाठविण्याचे ठरले. आणि अर्जदार? अर्जदार दारातच उभा राहिला. मुकाट्याने घरी आला.

घरी झोपडीमागे डालगे पालथे होते. त्या डालग्याखाली ती फुटकी घागर आहे. तिच्यातले रोप जगले आहे. सारजाबाई रोज त्याला ओंजळभर पाणी घालायची, आणि पेशकार साहेब आले की अर्जदार त्यावर डालगे झाकायचा. साऱ्या गावात त्याला कशाचे भय वाटत असेल तर याच रोपाचे. ते ज्याने पाहिले त्याला वाफ्यांत काय असायला हवे होते ते कळले असते. काल चावडीतून येऊन त्याने डालगे उचलले तर कळी उमलली होती. फूल निळे आहे, करंड्याच्या झाकणाएवढे. अर्जनवीसाने असे फूल कधी पाहिले नव्हते. आणि जिने ते वाढविले तिनेही ते पाहिलेले नाही, ती चावडीत बसली आहे.

१०. सबब अर्जदाराचा हात जोडून, जमिनीला माथा टेकून अर्ज की :

सारजाबाईने उपटले ते कुरडू आहे, सरकारी फूल नव्हे. सरकारी फुलाला तिने हात लावला तो नाव न कळल्यामुळे, आणि नाव न सांगण्याची कसूर अर्जदाराची. तिला उद्या गेवराईस न चालविता चावडीतूनच सोडावे. तिचे पाय सुजलेले आहेत. तिच्या बदली अर्जदारास ठेवावे. तो कचेरीच्या पायरीशी बसून आहे, शोधायला लागणार नाही. चाकरी घ्यावी, झोपडी घ्यावी, फटके मारायचे तर मारावेत. भय वाटते, नाही असे नाही. आताही त्याचे दात वाजत आहेत, अर्जनवीस ऐकतो आहे. पण काल दारात उभे राहून जे भय वाटले त्यापेक्षा हे बरे, असे तो म्हणतो.

दवंडी मागे घ्यावी, म्हणजे बाया रानात उतरतील. कुरडूचे बी सांडायला आता थोडेच दिवस उरले आहेत. वाफ्यांतले कुरडू अर्जदार स्वतः मुळासकट काढून, बी न झडू देता, ओढ्याकाठी जाळून टाकील. हुजुरांच्या शेरवानीच्या तुऱ्याबद्दल गाव आजवर बोलले नाही, पुढेही बोलणार नाही. ती जबाबदारी पाटलांनी आपल्या अंगावर घेतली आहे.

आणि शेवटची विनंती. सोबतच्या निळ्या फुलाचे नाव हुजुरांनी कृपा करून सांगावे. अक्षर इंग्रजी असेल तर अर्जनवीस ते देवनागरीत उतरवून घेईल. सारजाबाई सुटून आली की पहिले तेच विचारील, आणि या वेळी अर्जदारास ते सांगता आले पाहिजे.

येणेप्रमाणे जे घडले ते लिहिले. जास्त लिहिण्यास अर्जदाराजवळ धीर नाही.

हुजुरांच्या पायरीशी बसलेला,
आश्रुबा वल्द मुंजाजी माळी
(अंगठ्याचा ठसा, तिसरा खरा)

लिहिणार : राधाकिशन अर्जनवीस, कचेरीपुढचा लिंब, गेवराई.
तारीख ७ बहमन, सन १३२२ फसली, रोज बुधवार.

सोबत :
(१) कुरडूचे झाड एक, मुळासकट. नाव कोणत्याही निंदणाऱ्या बाईस विचारावे. सारजाबाईस पुन्हा विचारू नये.
(२) परदेशी बियांच्या रिकाम्या पुड्या चार.
(३) फुटक्या घागरीतले निळे फूल एक, डालग्यासह. रोज सकाळी ओंजळभर पाणी. घागरीत फुलाच्या बुडाशी आणखी एक बारीक रोप वर आले आहे. ते तण आहे की फूल, अर्जदारास सांगता येत नाही. सारजाबाई येऊन पाहीपर्यंत त्याला कोणी हात लावू नये.